वाढीव मजल्यांवर कोणाचे बिऱ्हाड?

चैत्राची पालवी फुटते, उंबऱ्याबाहेर रांगोळी उमटते, कळकाच्या काठीला जरीचे वस्त्र, कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी बांधून गुढी उभी राहते आणि नव्या वर्षाबरोबर आपल्या मनात घराचा विचार येतोच. साडेतीन मुहूर्तांतला हा एक. सोने घ्यावे, वहीचे पूजन करावे, जमल्यास घराचे टोकन द्यावे आणि नाहीच जमले तर निदान नमुना सदनिका पाहून यावी, असा आपला रिवाज. पाडव्याच्या आदल्या दिवशीची वृत्तपत्रे म्हणूनच घरांच्या जाहिरातींनी जड झालेली असतात. याच सुमारास, 1 एप्रिलला, सरकारचे नवे रेडी रेकनर दर, म्हणजे मालमत्तेचे सरकारी मूल्यदर, लागू होतात. दोन वर्षे स्थिर राहिलेले हे दर 2025 साली वाढले, मुंबईत सरासरी 3.39 टक्क्यांनी. एक दिवस पंचांगातला, दुसरा कोषागारातला. पण घर घेऊ पाहणाऱ्याचे वर्ष या दोन्हींच्या मध्ये सुरू होते.

यंदा मुंबईत कोणत्याही गल्लीतून चालत जावे, चार-पाच इमारतींनंतर एकीभोवती पत्रे लागलेले दिसतात. दादर-माटुंग्यात, विलेपार्ल्यात, मुलुंडात, बोरिवलीत, चेंबूरच्या जुन्या वसाहतींत तीन-चार मजल्यांची घरे उतरवली जात आहेत आणि त्यांच्या जागी वीस-बावीस मजले चढत आहेत. जिथे अजून पत्रे लागलेले नाहीत, तिथे सर्वसाधारण सभांमध्ये तोच विषय आहे. कोणी म्हणतो, एवढी माणसे या अरुंद रस्त्यावर येणार, पाणी कुठून आणणार, अग्निशमन दलाची गाडी वळणार कुठे, अंगणातला आंबा तोडणार का. कोणी म्हणतो, मजले वाढल्याशिवाय शहरात घरे वाढणार कशी आणि घरे वाढल्याशिवाय भाव उतरणार कसे. दोन्ही बाजूंना बोलणारी माणसे शेजारी आहेत, एकमेकांच्या घरी तिळगूळ देणारी आहेत, आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा वाद थोडा शांतपणे, मागे-पुढे पाहून ऐकायला हवा.

मागे पाहिले तर या शहराच्या नियोजनाचा जन्मच दाटीच्या भयातून झाला. 1896 साली मुंबईत प्लेग आला, मांडवीच्या कोंदट घरांतून तो शहरभर पसरला आणि दोन वर्षांनी, 1898 मध्ये, इंग्रज सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. हवा खेळावी, ऊन यावे म्हणून ट्रस्टने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले. दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे आखीव वसाहती वसवल्या. आज ज्यांच्या सावलीतून आपण कौतुकाने चालतो, ते रस्ते तेव्हाचे. पण ट्रस्टने जितकी घरे पाडली तितकी सुरुवातीच्या काळात उभी राहिली नाहीत, आणि उठवलेली गरीब बिऱ्हाडे शेजारच्याच गल्लीत आणखी दाटीने राहू लागली. पुढे 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून 207 चाळी बांधल्या. 160 चौरस फुटांची एकेक खोली. त्या खोल्यांनी गिरणगावाच्या कितीतरी पिढ्या वाढवल्या. आपल्या आठवणींतली मुंबई, गॅलरीतल्या गप्पांची, सामायिक नळाची, गणपतीच्या मांडवाची, ही विलक्षण दाट मुंबई होती. तेव्हा दाटी आपल्या अंगाला परकी नाही. आपले बहुतेकांचे आजोबा दाटीतच या शहरात पाय रोवून उभे राहिले, आणि ते उभे राहू शकले याचे कारण खोलीचे भाडे त्यांच्या पगारातून निघत होते.

हे भाड्याचे गणित 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठले. 1940 सालच्या पातळीवर भाडी थांबली; भाडेकरूला आधार मिळाला, पण मालकाला डागडुजी परवडेना आणि नवी भाड्याची घरे बांधणे हळूहळू बंदच झाले. 1969 मध्ये मोडकळीस आलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी कायदा झाला, तेव्हा शहरात दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या, म्हणजे उपकरप्राप्त, 19,642 इमारती मोजल्या गेल्या. त्यांतल्या हजारो अजूनही टेकू लावून उभ्या आहेत. दुसरीकडे 1960 च्या दशकात चटईक्षेत्र निर्देशांकाचे माप आले: भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे सांगणारा आकडा. 1991 च्या नियमावलीत तो मूळ मुंबई बेटावर 1.33 आणि उपनगरांत 1 असा बांधला गेला. शहर वाढत होते आणि परवानगी आखडत होती. या दोहोंच्या मधल्या फटीत झोपडपट्टी वाढली; 2011 च्या जनगणनेत मुंबईची सुमारे 41 टक्के माणसे तिथे राहत होती. म्हणजे दाटी नियमांनी थांबली नाही. ती फक्त कागदाबाहेर गेली, जिथे तिला ना उजेड होता ना गटार.

मग वारे फिरले. 2015 च्या फेब्रुवारीत 2034 सालापर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, त्यात काही स्थानकांच्या परिसरात निर्देशांक 8 पर्यंत नेण्याचा विचार होता. हरकती आणि सूचनांचा पाऊस पडला. मसुद्यातल्या चुका रहिवाशांनी नकाशे हातात घेऊन, गल्लोगल्ली फिरून दाखवून दिल्या, आणि एप्रिलमध्ये तो मागे घ्यावा लागला. या शहराच्या नागरिकत्वातला तो एक चांगला काळ होता असे आम्हाला मनापासून वाटते. सुधारलेला आराखडा आणि नवी नियमावली 2018 मध्ये लागू झाली. मूळ निर्देशांक तेवढाच राहिला, पण शासनाला प्रीमियम भरून आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) विकत घेऊन तो रस्त्याच्या रुंदीप्रमाणे वाढवता येऊ लागला: रुंद रस्त्यावर उपनगरांत अडीचपर्यंत, बेटावर तीनपर्यंत. उपकरप्राप्त इमारती, समूह पुनर्विकास, झोपडपट्टी यांना त्याहून वेगळ्या सवलती. आज चालू असलेली ही सारी पाडापाड आणि बांधणी त्या आकड्यांतून निघाली आहे.

आकडे वाढले की घरे वाढतात, याबद्दल आपण शंका घेऊ नये. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराने 2016 साली आपल्या निवासी जमिनीच्या सुमारे तीन चतुर्थांश भागावर दाट बांधकामाला मुभा दिली, त्यानंतरच्या वर्षांत तिथली बांधकामे झपाट्याने वाढली. पण तिथे एका बंगल्याच्या जागी तीन-चार घरे आली, आणि जो बंगला गेला त्यातल्या कुटुंबाला फुकट मोठे घर देण्याचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे मजला वाढतो तो जुन्या रहिवाशांच्या पुनर्वसनाला बांधून, आणि भाव परवडण्याचा सारा प्रश्न या एका फरकात अडकलेला आहे.

हे जरा हिशेब मांडूनच पाहू. समजा, तीस सभासदांची सोसायटी, प्रत्येकाचे 400 चौरस फुटांचे घर, म्हणजे 12,000 चौरस फूट. सभासदांना 35 टक्के वाढीव जागा द्यायची ठरली, तर 16,200 चौरस फूट बांधून फुकट द्यायचे. त्यावर तीन-चार वर्षांचे भाडे, सामान हलवण्याचा खर्च, प्रत्येकाला एकरकमी कॉर्पस निधी, महापालिकेला आणि शासनाला प्रीमियम, कर्जावरचे व्याज. हा सारा भार विक्रीसाठी उरलेल्या घरांवर पडतो. त्या घरांची किंमत बांधकामाच्या खर्चावर ठरत नाही, ती या सर्व देण्यांच्या बेरजेपासून सुरू होते. आता सभेत कोणी उठून म्हणाले, शेजारच्या सोसायटीला 50 टक्के मिळाले, आपण 35 वर का थांबायचे? टाळ्या पडतात, आणि दुसरा विकासक तेवढे कबूलही करतो. पण भूखंड तोच, निर्देशांक तोच. वाढलेले 1,800 चौरस फूट विक्रीच्या वाट्यातून गेले. 450 फुटांची चार छोटी घरे तिथे होऊ शकली असती. ती गेली, आणि उरलेल्या घरांवर भार आणखी वाढला, म्हणून ती घरे मोठी, महाग आणि मोजक्यांना परवडतील अशी झाली. सभागृहात मागच्या खुर्चीवर बसलेली आपलीच मुलगी, जी लग्नानंतर याच वॉर्डात घर शोधणार आहे, तिच्यासाठी त्या चार घरांपैकी एक होते.

सभासदांनी आपला हक्क सोडावा असे आम्ही म्हणत नाही. आयुष्यभर दोन खोल्यांत काढलेल्या माणसाला एक खोली जास्त मिळावी, लिफ्ट मिळावी, गळक्या छताखालून सुटका व्हावी, यात गैर काहीच नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना 160 फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 फुटांची घरे मिळाली, तेव्हा शंभर वर्षांचे एक ऋण फिटल्याचा आनंद आपल्या सर्वांना झाला. पण गरजेपुरते मिळाल्यानंतरचा प्रत्येक फूट कोणाच्या तरी वाट्यातून येतो, एवढे भान त्या सभेत असावे. हे भान फक्त रहिवाशांनी ठेवायचे असेही नाही. 2021 साली शासनाने वर्षभरासाठी प्रीमियम निम्मा केला आणि पडून राहिलेल्या प्रस्तावांची महापालिकेत रीघ लागली. घराच्या किमतीत परवानगीचा वाटा केवढा आहे, हे त्या एका वर्षाने दाखवले. हा प्रीमियम रेडी रेकनरला बांधलेला असल्याने दर वाढले की तोही वाढतो. ज्या आकाशातल्या जागेची ही किंमत आहे, तिला मोल आले रस्त्यांमुळे, रेल्वेमुळे, तलावांच्या पाण्यामुळे, म्हणजे सगळ्यांच्या पैशामुळे. मग त्या जागेतला काही भाग पैशाऐवजी घरांच्या रूपाने शहराकडे परत यायला हवा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. 2020 मध्ये मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रासाठी जी एकात्मिक नियमावली आली, तिच्यात दहा लाखांहून मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर 20 टक्के क्षेत्र दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याची अट आहे. तत्त्व योग्य आहे. पण पुनर्विकासाला निघालेल्या बहुतेक सोसायट्यांचे भूखंड त्याहून कितीतरी लहान असतात, आणि शहराच्या जुन्या, मधल्या, स्थानकाजवळच्या भागात खरी गरज असताना हे तत्त्व दारापाशीच थांबते.

नियमातली आणखी एक गोष्ट बोचत राहते. माणसाच्या खोलीचा प्रत्येक फूट निर्देशांकात मोजला जातो. नियमाने लागणाऱ्या वाहनतळाचे मजले मोजले जात नाहीत. नव्या मनोऱ्यांचे पहिले पाच-सहा मजले म्हणून मोटारींचे असतात, आणि रस्त्यावर उभे राहून वर पाहिले तर पहिली खिडकी कुठे आहे ते शोधावे लागते. ज्या शहरातली बहुसंख्य माणसे लोकल, बस आणि पायांच्या भरवशावर आहेत, तिथे हा क्रम उलटा असायला हवा होता.

या वादात ज्यांचा आवाज सर्वांत कमी ऐकू येतो, ते सभेला नसतातच. सोसायटीत भाड्याने राहणारे जोडपे सभासद नसते. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली परिचारिका, शाळेतले शिक्षक, बेस्टचा वाहक, दुपारी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, ही माणसे या रस्त्यावर रोज येतात आणि रात्री बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरार इथे परततात. त्यांच्या घराची खरी किंमत हप्त्यात आणि रोजच्या प्रवासात मिळून भरली जाते. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी पडून दगावले, तेव्हा आपण रेल्वेबद्दल खूप बोललो, आणि ते आवश्यकच होते. पण इतकी माणसे इतक्या दूर का राहतात, हा प्रश्न घरबांधणीचा आहे. नववर्षाची स्वागतयात्रा आज गिरगावात आपण अभिमानाने पाहतो, तिची सुरुवात 1999 साली डोंबिवलीत झाली. गिरगाव, दादर, परळ सोडून गेलेली कितीतरी कुटुंबे त्या गावी स्थिरावली होती. त्यांनी तिथे देवळे, वाचनालये, नाट्यगृहे यांच्याभोवती नवे गाव उभे केले आणि आपल्या सणाला नवे रूप दिले. त्याबद्दल आदर आहेच. पण जायचे की राहायचे, ही निवड त्यांना मिळाली असती तर बरे झाले असते. आता डोंबिवलीचेही भाव चढले आहेत, आणि त्यांची मुले आणखी पुढची स्थानके पाहत आहेत.

दाटीला विरोध करणाऱ्यांच्या शंकाही केवळ आपमतलबी समजून उडवून लावता येत नाहीत. पाण्याचेच पाहा. मुंबईला सात तलावांतून दररोज सुमारे 3,900 दशलक्ष लिटर पाणी मिळते, आणि शेवटचे नवे धरण, मध्य वैतरणा, 2014 सालचे आहे. त्यानंतर शहरात किती मजले चढले ते आपण पाहतो आहोत. शिवाय हे पाणी येते शहापूर, मोखाडा, वाडा या तालुक्यांतून, जिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. आपल्या सोसायटीच्या वाढीव मजल्याचा विचार त्या पाड्यापर्यंत पोचला पाहिजे. सांडपाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला वापरणे, पावसाचे पाणी खरोखर जिरवणे, या अटी कागदावर पूर्ण होतात; भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर दोन वर्षांनी ते यंत्र चालू आहे का, हे पाहायला फारसे कोणी फिरकत नाही. जो रहिवासी सभेत उभा राहून हे विचारतो, तो विकासाच्या आड येतो असे आपण म्हणू नये.

वृद्धांची भीती याहून वेगळी, आणि अधिक खरी. तीन मजल्यांच्या इमारतीत महिना हजार-दीड हजार देणाऱ्या निवृत्त माणसाला बावीस मजल्यांच्या मनोऱ्याचा मेन्टेनन्स पेलणार नाही, हे त्याला ठाऊक असते. घर मोठे होते, किंमत कोटीत जाते, पण ते विकूनच बाहेर पडावे लागते. आणि मधल्या काळात काय होईल, याचीही खात्री नसते. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात 2008 साली पुनर्विकासाचा करार झाला. तिथल्या 672 कुटुंबांची नवी घरे हाती यायला दीड दशकाहून अधिक काळ गेला. त्या काळात काही वृद्ध गेले, काही लहान मुले मोठी होऊन त्यांची लग्ने झाली. संक्रमण शिबिरांत तर काही ठिकाणी दुसरी आणि तिसरी पिढी राहते आहे. एकदा असा अनुभव शेजारी घडला की साऱ्या वॉर्डाचा विश्वास उडतो, आणि मग उंचीच्या नावाखाली आपण जे बोलतो ते बहुतेक वेळा या अविश्वासाबद्दल असते. 2019 पासून सोसायट्यांच्या पुनर्विकासाला 51 टक्के संमती पुरते. त्यामुळे कामे हलली हे खरे. उरलेल्या 49 टक्क्यांचे समाधान करण्याची नैतिक जबाबदारी मात्र त्यामुळे वाढली आहे.

आणि घरे वाढून भाव का उतरत नाहीत, याचे उत्तर काही अंशी रिकाम्या घरांत आहे. 2011 च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरे कुलूपबंद आढळली होती, देशातल्या शहरांत सर्वाधिक. कुणी गुंतवणूक म्हणून घेतलेली, कुणी भाडेकरू निघणार नाही या जुन्या धाकाने बंद ठेवलेली. एकेकाळी ज्या शहरातली बहुतेक कुटुंबे भाड्याने राहत होती, तिथे भाड्याचे घर हा आता अकरा महिन्यांचा तात्पुरता निवारा झाला आहे. गिरण्यांच्या जमिनींवर म्हाडाला आणि मोकळ्या जागेला एकेक तृतीयांश वाटा देण्याचे 1991 चे सूत्र 2001 च्या दुरुस्तीने फक्त रिकाम्या जमिनीपुरते आकसले, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ती दुरुस्ती टिकली. परळ-लालबागच्या मनोऱ्यांकडे पाहताना तो हुकलेला वाटा आठवतो. तशी सलग जमीन मध्य मुंबईत पुन्हा मिळायची नाही. आता जी काही जागा निघेल ती या छोट्या-छोट्या भूखंडांतून, आपल्याच सोसायट्यांतून, आपल्याच ठरावांतून निघेल.

म्हणून नव्या वर्षात आपल्या सभांपुढे एक विनंती ठेवावीशी वाटते, आणि तिला जुना दाखला आहे. 1915 साली गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आशियातली ही पहिली गृहनिर्माण संस्था मानली जाते. तिथे इमारत संस्थेची, आणि सभासद संस्थेचे भाडेकरू. आजही अनेक सोसायट्या तळमजल्याचे दुकानगाळे स्वतःच्या मालकीचे ठेवतात आणि त्याचे भाडे सामायिक खर्चाला लावतात. विकासकाशी करार करताना प्रत्येकाच्या वाढीव फुटांतले थोडे फूट एकत्र करून एक-दोन छोटी घरे संस्थेच्या नावे मागता येतील. तीस सभासदांच्या सोसायटीत माणशी 30 फूट सोडले तर 900 फूट होतात, म्हणजे 450 फुटांची दोन घरे. ती वॉर्डातल्या शाळेतल्या शिक्षिकेला, दवाखान्यातल्या परिचारिकेला रास्त भाड्याने द्यावीत, आणि येणाऱ्या भाड्यातून इमारतीतल्या निवृत्त सभासदांच्या मेन्टेनन्सला हातभार लावावा. शासनाने अशा घरांवरचा प्रीमियम माफ करावा, त्यांच्या क्षेत्राइतका निर्देशांक वर द्यावा, आणि वीस टक्क्यांची अट लहान भूखंडांना या रूपात लागू करावी. त्यासाठी प्रादेशिक व नगररचना कायद्यात नियम बदलण्याची आणि त्यावर आपल्या हरकती-सूचना मागवण्याची तरतूद आहेच. पण सोसायटीला तोवर थांबायचे कारण नाही. विकासकाची निवड करणाऱ्या सभेच्या विषयपत्रिकेत, कार्पेट आणि कॉर्पसच्या रकान्यांशेजारी, हा तिसरा रकाना आजच काढता येतो.